खेळातले सोने, हिशेबातले पितळ

ऑनलाइन खेळात राक्षस मारून मिळवलेली सोन्याची नाणी खऱ्या पैशाला विकता येतात. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरातल्या लाखो तरुणांनी हा उद्योग करून पाहिला. त्यात खरोखर किती पैसा सुटतो आणि तो कोणाच्या खिशात जातो?

मुलगा दिवसभर कॉम्प्युटरपुढे खेळत बसतो, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. पण एखाद्या दिवशी त्याच मुलाने, "मी खेळत नाही, कमावतो आहे," असे उत्तर दिले तर आई-वडिलांनी काय म्हणावे? हसण्यावारी न्यावे, रागवावे, की वही-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा? यातला तिसरा मार्ग सर्वांत चांगला. कारण मुलाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असते. खेळातली नाणी विकली जातात, त्यांना गिऱ्हाईक असते आणि पैसेही मिळतात. प्रश्न एवढाच, की खर्च वजा जाता हातात काय उरते.

या उद्योगाला इंग्रजीत 'गोल्ड फार्मिंग' म्हणतात. म्हणजे सोन्याची शेती. नाव मोठे लोभस आहे. पण कोणत्याही शेतीप्रमाणे इथेही बियाण्याचा खर्च आहे, अवकाळी पाऊस आहे, पडलेला भाव आहे आणि अडत्याही आहे.

नाण्याला भाव येतो कुठून?

हे खेळ कॅरम किंवा पत्त्यांसारखे अर्ध्या तासात संपणारे नसतात. हजारो माणसे इंटरनेटवरून एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात. तिथे प्रत्येकाचे एक पात्र असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य. राक्षस मारला, खाणीतून धातू काढला, मासे पकडले की पात्राला नाणी मिळतात. त्या नाण्यांवर चांगली तलवार, भक्कम चिलखत, उमदा घोडा घेता येतो. मात्र नाणी साठायला वेळ लागतो. तेच ते राक्षस शेकडो वेळा मारावे लागतात.

नोकरदार माणसाकडे पैसा असतो, वेळ नसतो. बेकार किंवा शिकणाऱ्या मुलाकडे वेळ असतो, पैसा नसतो. या दोघांची गाठ पडली की बाजार उभा राहतो. गिऱ्हाईक खरे पैसे पाठवते, मग दोघांची पात्रे खेळातल्या एखाद्या चौकात भेटतात आणि नाणी एका थैलीतून दुसऱ्या थैलीत जातात. झाला व्यवहार.

१९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ आला, १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट'. या खेळांतली नाणी आणि शस्त्रे थोड्याच काळात 'ईबे' या लिलावाच्या संकेतस्थळावर विकायला येऊ लागली. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' निघाला आणि बाजार कित्येक पटींनी फुगला. २०१० साली या एका खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांच्या घरात गेले होते.

पहिला हिशेब एका प्राध्यापकाचा

खेळातल्या कमाईचा पहिला पद्धतशीर हिशेब मांडला तो एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे ते शिकवत होते. एव्हरक्वेस्टमधल्या नॉरॅथ या काल्पनिक प्रदेशाचा त्यांनी खऱ्या देशासारखा अभ्यास केला. नाणी लिलावात कोणत्या भावाने जातात आणि खेळाडू तासाला किती मिळवतो, हे पाहून २००१ च्या अखेरीस त्यांनी निष्कर्ष काढला, की नॉरॅथमधला खेळाडू ताशी सुमारे ३.४२ डॉलर एवढ्या किमतीची भर घालतो. दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर निघाले. म्हणजे जगाच्या नकाशावर कुठेच नसलेला हा देश त्या वेळच्या रशियाच्या पंगतीत बसत होता.

वर्तमानपत्रांनी या बातमीला मोठे मथळे दिले. पण खरा अर्थ त्या ३.४२ डॉलरमध्ये दडला होता. त्या काळी अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन ताशी ५.१५ डॉलर होते. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला हॉटेलात बशा विसळूनही खेळातल्यापेक्षा जास्त पैसे मिळाले असते. याच ३.४२ डॉलरकडे गरीब देशातून पाहिले तर चित्र उलटे होते. ज्याला मायदेशात ताशी अर्धा डॉलरही मिळत नाही, त्याला हे काम सोन्याची खाणच वाटणार.

झालेही तसेच. आधी एका अमेरिकी कंपनीने सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात माणसे बसवली. मग काम चीनमध्ये गेले. २००८ साली मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ४ लाख लोक हे काम करत होते. त्यांतले ८० ते ८५ टक्के चीनमध्ये होते आणि त्यांची सरासरी कमाई महिन्याला १४५ डॉलर होती.

नानजिंगची रात्रपाळी

या धंद्याचा आतला हिशेब सर्वांत स्पष्टपणे समोर आला तो २००७ साली. अमेरिकी पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी चीनमधील नानजिंग येथे जाऊन अशा कामगारांची दिनचर्या पाहिली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात तिच्यावर लेख लिहिला. एका खोलीत ओळीने मांडलेले कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे बसलेले तरुण आणि पडद्यावर त्याच त्या शत्रूंची पुन्हा पुन्हा कत्तल. एका कामगाराची पाळी रात्रभर, १२ तासांची. महिन्यातून दोन-तीन रात्री सुट्टी.

त्याला १०० नाण्यांमागे १० युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर मिळत होता. ताशी मजुरी पडत होती ३० सेंट, त्या वेळच्या दराने सुमारे १२ रुपये. याचा अर्थ १०० नाणी जमवायला त्याला साधारण चार तास लागत. महिन्याचे तास मोजले तर कमाई शंभर डॉलरच्या आसपास जाते.

आता हीच १०० नाणी पुढे कशी जातात ते पाहण्यासारखे आहे. कारखान्याचा मालक ती विक्रेत्याला ३ डॉलर किंवा थोड्या जास्त भावाने देत असे. विक्रेता तीच नाणी आपल्या संकेतस्थळावरून अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या खेळाडूला २० डॉलरपर्यंत विकत असे. २० डॉलर हा भाव धरला तर वाटणी अशी होते:

कामगार – १.२५ डॉलर (सुमारे ६ टक्के)
मालक – १.७५ डॉलर (सुमारे ९ टक्के)
विक्रेता – १७ डॉलर (८५ टक्के)

मालकाला त्याच्या वाट्यातून जागेचे भाडे, वीज, कॉम्प्युटर, इंटरनेट, खेळाची वर्गणी हे सारे भागवावे लागे. विक्रेत्यालाही जाहिरात, नोकर आणि फसवणुकीचे नुकसान हे खर्च होतेच. तरीही मोठा मलिदा कोणाच्या पानात पडत होता हे सांगायला नको. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला किंवा लासलगावच्या कांदा उत्पादकाला हे गणित समजावून देण्याची गरज नाही. माल पिकवणाऱ्यापेक्षा माल विकणारा खातो, ही गोष्ट सोन्याच्या शेतीतही बदलली नाही.

जागतिक बँकेच्या 'इन्फोडेव्ह' या विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ मधली या बाजाराची उलाढाल सुमारे ३ अब्ज डॉलर धरली होती. यातला बराच पैसा चीनसारख्या देशांतच राहतो, असेही त्या अहवालाचे म्हणणे होते, कारण पुढे विक्रेतेही तिथलेच झाले. पण पैसा देशात राहिला म्हणजे तो कामगाराच्या हातात पडला असे होत नाही.

या धंद्याचे सर्वांत काळे रूप त्याच वर्षी उजेडात आले. चीनच्या हैलोंगजियांग प्रांतातल्या एका श्रमछावणीत राहून आलेल्या माजी कैद्याने ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राला सांगितले, की दिवसभर अंगमेहनत करून घेतल्यावर रात्री कैद्यांना सक्तीने खेळायला बसवत आणि ठरलेली नाणी न भरल्यास मारहाण होई. नफा पाहरेकऱ्यांचा. मजुरी शून्य असेल तर कोणताही धंदा फायद्याचा दिसतो, एवढाच याचा अर्थ.

जमेची बाजू, खर्चाची बाजू

स्वतःच्या घरातून, स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्याचा हिशेब कसा मांडावा? बहुतेक मुले एकच गुणाकार करतात: तासाला इतकी नाणी, नाण्याला इतका भाव, दिवसाला इतके तास. उत्तर मोठे येते आणि डोळे चमकतात. पण ती झाली विक्री. नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा करून उरलेली रक्कम. किराणा दुकानदाराच्या बायकोलाही हा फरक ठाऊक असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कॉलेजातला एक तरुण रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे एकूण २०० तास खेळतो. तासाला तो १ लाख नाणी मिळवतो आणि दलाल त्याला लाखाला ३० रुपये देतो. महिन्याची विक्री झाली ६,००० रुपये. आता खर्चाची बाजू.

खेळाची वर्गणी – ९०० रुपये.

वीज – कॉम्प्युटर ३०० वॉटचा धरला तर २०० तासांत ६० युनिट जळतात. युनिटला ८ रुपये दराने ४८० रुपये.

इंटरनेट – घरात आधीपासून असले तरी त्यातला या कामाचा वाटा ३०० रुपये.

घसारा – ४८,००० रुपयांचा कॉम्प्युटर चार वर्षे चालला तर महिन्याला १,००० रुपये. हा खर्च कोणी धरत नाही, कारण तो रोज दिसत नाही. कॉम्प्युटर बंद पडतो त्या दिवशी एकदम दिसतो.

पैसे पाठवण्याचा आणि चलन बदलण्याचा आकार – विक्रीच्या १० टक्के धरला तर ६०० रुपये.

खाते बंद होण्याचा धोका – ही बाब सर्वांत महत्त्वाची. नाणी विकणे खेळाच्या कंपनीला मंजूर नसते. पकडले गेले की खाते कायमचे बंद. समजा, पाच महिन्यांतून एकदा असे होते. त्या वेळी खात्यात न विकलेली १,५०० रुपयांची नाणी असतात, ती बुडतात. खेळ नव्याने विकत घ्यायला १,२०० रुपये लागतात. नवे पात्र पुन्हा तयार करण्यात ६० तास जातात, म्हणजे १,८०० रुपयांची कमाई बुडते. एकूण नुकसान ४,५०० रुपये, पाच महिन्यांवर वाटले तर महिन्याला ९०० रुपये.

खर्चाची बेरीज होते ४,१८० रुपये. ६,००० मधून ती वजा केली की उरतात १,८२० रुपये. २०० तासांनी भागले तर तासाला ९ रुपये १० पैसे, आठ तासांच्या दिवसाला सुमारे ७३ रुपये. तुलनेसाठी सांगायचे तर महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामावरचा मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता.

आकडे प्रत्येक खेळात वेगळे निघतील. कोणी चपळ खेळाडू दुप्पट नाणी मिळवेल, कोणाला चांगला दलाल भेटेल. पण मांडणी हीच राहील. आणि या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते, ती फार थोडे लोक लक्षात घेतात. समजा नाण्यांचा भाव एक तृतीयांशाने उतरून लाखाला २० रुपये झाला. विक्री होईल ४,००० रुपये. वर्गणी, वीज, इंटरनेट आणि घसारा तेवढेच राहतील. चलनाचा आकार ४०० रुपयांवर आणि खाते बंद होण्याचा खर्च ६८० रुपयांवर येईल. एकूण खर्च ३,७६० रुपये. हातात उरतील फक्त २४० रुपये. भाव उतरला ३३ टक्क्यांनी, नफा मात्र ८७ टक्क्यांनी पडला. खर्च आहे तिथेच आणि भाव खाली, हे ज्या शेतकऱ्याने एकदा अनुभवले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

भाव टिकत का नाही?

भाव उतरणे हा या धंद्यातला अपवाद नाही, नियम आहे. खऱ्या सोन्याची खाण कधीतरी संपते. खेळातला राक्षस मेला तरी काही मिनिटांत पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा नाणी देतो. म्हणजे टांकसाळ चोवीस तास सुरू. ही नाणी बाजारातून काढून घेण्यासाठी कंपन्या खेळात खर्च ठेवतात. चिलखताची दुरुस्ती, लिलावाचा आकार, महागडे घोडे. टाकीत येणारे पाणी आणि जाणारे पाणी यांचा मेळ बसला तर भाव स्थिर राहतो. नाणी वेचणाऱ्यांची संख्या वाढली की टाकी भरून वाहू लागते आणि नाण्याची किंमत घसरते. एखाद्या खेळात चांगला पैसा मिळतो ही बातमी पसरली, की सगळे तिकडे धावतात आणि त्या धावण्यानेच पैसा मिळेनासा होतो.

त्यात माणसाची स्पर्धा यंत्राशीही असते. 'बॉट' नावाचे प्रोग्रॅम माणसाशिवाय पात्र चालवतात. त्यांना झोप लागत नाही, जेवण लागत नाही, कंटाळा येत नाही. एका माणसाने दहा-दहा खाती अशी चालवली, तर हाताने नाणी वेचणाऱ्याची काय कथा?

कंपनीचा दंडुका

खेळातली तलवार आपली, असे खेळाडूला वाटते. कंपनीच्या करारात मात्र लिहिलेले असते, की खेळातले सर्व काही कंपनीचे असून खेळाडूला ते वापरण्याची फक्त परवानगी आहे. त्यामुळे खाते बंद झाले तर दाद मागायला जागा नसते. सोनी कंपनीने २००१ च्या सुमारास एव्हरक्वेस्टमधल्या वस्तूंची ईबेवरची विक्री थांबवली. २००७ च्या जानेवारीत ईबेने बहुतेक सर्व खेळांमधल्या नाण्यांचे लिलाव काढून टाकले. २००९ साली चीन सरकारने खेळातल्या चलनाने खऱ्या वस्तू घेण्यावर निर्बंध आणले.

'रुनस्केप' हा खेळ चालवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने तर २००७ च्या डिसेंबरात खेळाडूंमधला विषम देवाणघेवाणीचा मार्गच बंद केला. नाणी विकणारे लोक चोरीच्या क्रेडिट कार्डांवर वर्गणी भरतात, हे तिने दिलेले एक कारण होते. पण मित्राने मित्राला भेट देणेही त्यामुळे अशक्य झाले आणि प्रामाणिक खेळाडू चिडले. शेवटी २०११ च्या फेब्रुवारीत कंपनीला मोकळा व्यवहार परत आणावा लागला.

मग कंपन्यांनी दुसरी युक्ती काढली. दलालाचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. एप्रिल २०१५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने अमेरिकेत २० डॉलरला एक 'टोकन' विकायला सुरुवात केली. पैसेवाला खेळाडू ते विकत घेऊन खेळातल्या बाजारात नाण्यांना विकतो. वेळवाला खेळाडू नाणी देऊन ते घेतो आणि त्याला महिनाभराची वर्गणी मिळते. नाणी हवी असणाऱ्याला आता चोरबाजारात जाण्याची गरज उरली नाही. कंपनीला खरे डॉलर मिळाले. वेळवाल्याची वर्गणी वाचली, पण त्याच्या हातात रोकड काही आली नाही. त्याआधी 'डायब्लो ३' या खेळात कंपनीने २०१२ साली खऱ्या पैशाचा लिलावबाजार स्वतःच उघडून पाहिला होता. खेळायचे सोडून लोक भाव पाहत बसू लागले, खेळातली गोडी गेली आणि मार्च २०१४ मध्ये तो बाजार गुंडाळावा लागला.

पोटासाठी खेळणारे

एवढे सगळे असूनही हा धंदा मेला नाही, कारण जगात कुठे ना कुठे त्याहून वाईट परिस्थिती असतेच. व्हेनेझुएलात २०१६ नंतर महागाईने कहर केला. तिथल्या चलनातले किमान मासिक वेतन काही काळ मोजक्या डॉलरांवर आले होते. अशा वेळी तिथल्या अनेकांनी रुनस्केपच्या जुन्या आवृत्तीचा आधार घेतला. हा खेळ जुनाट कॉम्प्युटरवरही चालतो. हिरवे ड्रॅगन मारायचे, मिळालेला माल विकायचा आणि नाणी डॉलरमध्ये बदलायची. ताशी काही सेंट मिळाले तरी ते डॉलरचे सेंट होते. रात्रीत त्यांची किंमत विरघळत नव्हती. त्यातून कोणाच्या घरी पीठ येत होते, कोणाच्या घरी औषध.

श्रीमंत देशांतल्या काही खेळाडूंना मात्र हे लोक खेळ बिघडवणारे वाटले. २०१७ साली त्यांना हेरून खेळात कसे मारावे याच्या सूचनाही इंटरनेटवर फिरल्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चिनी खेळाडूंच्या वाट्याला असाच तिरस्कार आला होता. नाणी विकत घेणारे बहुतेक त्याच श्रीमंत देशांतले होते, पण राग आला तो विकणाऱ्याचा.

फिलिपाइन्समध्ये २०२१ साली वेगळेच घडले. कोरोनाच्या टाळेबंदीत कामधंदे बसले होते. व्हिएतनाममधल्या कंपनीच्या 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळात जिंकले की 'एसएलपी' नावाचे डिजिटल नाणे मिळे आणि ते राजरोस विकता येई. इथे कंपनीचा दंडुका नव्हता. उलट कमाई हीच जाहिरात होती. मात्र खेळायला तीन प्राणी विकत घ्यावे लागत आणि तेजीच्या काळात त्यांनाच शेकडो डॉलर पडत. ज्यांच्याकडे एवढा पैसा नव्हता ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन अर्धलीने खेळत. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा.

जुलै २०२१ मध्ये एसएलपीचा भाव ३० सेंटच्या वर होता. २०२२ च्या मध्यापर्यंत तो एक सेंटच्याही खाली गेला. समजा एखादा खेळाडू दिवसाला १०० नाणी मिळवत असेल, तर त्याचे ३० डॉलर एका वर्षात एका डॉलरपेक्षाही कमी झाले. कारण तेच जुने. नाणी सतत निघत होती आणि ती खपत होती मुख्यतः नव्या प्राण्यांच्या पैदाशीसाठी. नवे प्राणी घ्यायला नवे खेळाडू येत होते तोवर गाडी चालली. येणे थांबले तशी ती थांबली. त्यातच मार्च २०२२ मध्ये या खेळाशी जोडलेल्या व्यवस्थेतून चोरांनी ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लंपास केली. कर्ज काढून प्राणी घेणाऱ्यांचे प्राणी उरले, पैसे गेले.

घरात हा विषय निघाला तर

अशा वेळी पालकांनी आकांडतांडव करू नये आणि भुलूनही जाऊ नये. मुलाला आठवडाभर एक वही ठेवायला सांगावी. तीत चार गोष्टी लिहाव्यात. किती तास गेले. किती नाणी मिळाली. त्यांतली किती प्रत्यक्ष विकली गेली. आणि बँकेत किती पैसे जमा झाले. पहिल्या तीन रकान्यांतले आकडे मोठे असतील. भाकरी मात्र चौथ्या रकान्यातून येते.

त्यानंतर काही प्रश्न विचारावेत. खाते उद्या बंद झाले तर किती बुडेल? भाव निम्म्यावर आला तर काय उरेल? पैसे देणारा कोण आहे, आणि त्याने नाणी घेऊन पैसे परत खेचून घेतले तर काय करणार? कार्डावरून किंवा अशा इतर मार्गांनी आलेली रक्कम पुढे रद्द होऊ शकते, पण दिलेली नाणी परत येत नाहीत. खात्याचा पासवर्ड, बँकेचा ओटीपी किंवा वडिलांचे कार्ड कोणत्याही कारणासाठी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, हे निक्षून सांगावे. उसने पैसे घेऊन नाणी किंवा प्राणी विकत घेण्याची भाषा मुलगा करू लागला, तर मात्र तिथेच थांबवावे.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवावी. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. नाणी वेचणे आणि पैज लावणे या निराळ्या गोष्टी आहेत. पण एकाचे नाव सांगून दुसरे चालले नाही ना, याकडे घरातल्या मोठ्यांचे लक्ष हवे.

मुलाचा वेळ ही या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम असते आणि ती कोणत्याच रकान्यात येत नाही. महिन्याचे २०० तास टंकलेखन, विजेची दुरुस्ती, हिशेबनीसाचे काम किंवा एखादी भाषा शिकण्यात गेले, तर दोन वर्षांनी त्याची तासाची किंमत वाढलेली असते. नाणी वेचण्यात गेले तर दोन वर्षांनीही तो त्याच राक्षसासमोर उभा असतो आणि नाणे तेवढे स्वस्त झालेले असते.

म्हणून खेळ हा खेळ म्हणून खेळायला काहीच हरकत नाही. नानजिंगचे ते कामगारसुद्धा सुट्टीच्या वेळी सायबर कॅफेत जाऊन तोच खेळ स्वतःच्या पात्राने, स्वतःच्या आनंदासाठी खेळत. १२ तास ज्या जगात राबायचे, त्याच जगात ते मौजेसाठी परत जात. त्या वेळचा हिशेब मात्र कोणी ठेवत नव्हते.